वन अ‍ॅस्टर प्लाझा: जादा चटईक्षेत्राच्या बदल्यात नाट्यगृह, आणि त्याच छताखाली मुलांची वाहिनी

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील ५४ मजली वन अ‍ॅस्टर प्लाझा, म्हणजेच १५१५ ब्रॉडवे, या इमारतीचे हे प्रकरण आहे. निकलोडिअन या मुलांच्या वाहिनीचा कारभार अनेक वर्षे येथून चालला आणि काही काळ तिचा थेट कार्यक्रमही याच इमारतीतून प्रक्षेपित होत असे. व्यवहारातील खासगी व्यक्तींचा उल्लेख पुढे 'विकासक', 'मालक', 'भाडेकरू' असाच केला आहे. इमारतीचे नाव मात्र दिले आहे, कारण सव्वादोनशे मीटर उंचीची वास्तू झाकून ठेवता येत नाही.

पार्श्वभूमी

ब्रॉडवेवर ४४व्या आणि ४५व्या रस्त्यांच्या मधल्या या जागेवर पूर्वी हॉटेल अ‍ॅस्टर उभे होते. ते १९०४ मध्ये, म्हणजे लाँगएकर स्क्वेअरचे टाइम्स स्क्वेअर झाले त्याच वर्षी, सुरू झाले. मागील बाजूस शुबर्ट अ‍ॅली हा नाटकवाल्यांचा प्रसिद्ध बोळ, आजूबाजूला जुनी नाट्यगृहे आणि समोर ब्रॉडवेची वर्दळ, असा त्याचा शेजार होता. १९६० च्या दशकाच्या मध्याला विकासकाने ही मालमत्ता घेतली आणि १९६७ मध्ये हॉटेल पाडण्यास सुरुवात झाली.

विकासकाचा मूळ बेत अगदी सरळ होता: हॉटेल पाडायचे, कचेऱ्यांचा मनोरा उभारायचा आणि मजले भाड्याने द्यायचे. मॅनहॅटनच्या मध्यभागी त्या वेळी कार्यालयांना चांगली मागणी होती आणि पूर्वेकडील रस्ते भरत आल्याने बांधकामाची लाट पश्चिमेला, नाट्यगृहांच्या वस्तीकडे, सरकत होती.

या ठिकाणी १९६१ च्या नगररचना नियमांची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. आपण ज्याला चटईक्षेत्र निर्देशांक किंवा एफएसआय म्हणतो, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, तो मॅनहॅटनच्या सर्वांत दाट व्यापारी भागात मुळात १५ होता. इमारतीपुढे लोकांसाठी मोकळे पटांगण सोडल्यास त्यावर २० टक्के वाढ मिळून तो १८ वर जाई. मुंबई बेटावर अनेक वर्षे मूळ निर्देशांक १.३३ राहिला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यांमधील अंतर वेगळे सांगायला नको. पटांगणाची ही सवलत हक्काने मिळत असे. त्यासाठी कोणाशी वाटाघाट करावी लागत नसे की कोणाची मनधरणी. परिणामी जो तो मनोरा रस्त्यापासून मागे सरकू लागला आणि पुढे दगडी फरशीची ओकीबोकी मोकळी जागा राहू लागली.

समस्या

ब्रॉडवेवर सुमारे चार दशके नवे नाट्यगृह बांधले गेले नव्हते. उभी होती ती बहुतेक सगळी १९३० पूर्वीची होती. नाट्यगृह म्हणजे मोक्याच्या जमिनीवरची बुटकी इमारत. आठवड्याला आठ प्रयोग झाले तरी उरलेला वेळ ती रिकामीच असते. हिशेबाच्या वहीत ती कचेऱ्यांच्या मनोऱ्यापुढे टिकत नाही. अ‍ॅस्टरच्या जागी मनोरा आला की शेजारच्या नाट्यगृहांच्या जमिनींचे भाव चढणार आणि एकेक मालक जमीन विकून मोकळा होणार, ही भीती नगररचना खात्याला वाटत होती.

म्हणजे प्रश्न एकट्या हॉटेलच्या भूखंडाचा नव्हता. त्या भूखंडावर जे घडेल ते पुढच्या वीस भूखंडांवर घडणार होते. विकासकाला मात्र हा प्रश्न स्वतःचा वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्या भूखंडावर नाट्यगृह कधीच नव्हते, तिथे होते ते हॉटेल. जे त्याने पाडलेच नाही ते त्याने का बांधून द्यावे, हा त्याचा सवाल रास्तच म्हणावा लागेल.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता. विकासकाचा आराखडा नियमात बसत होता. पटांगण सोडून १८ चा निर्देशांक घ्यायला त्याला कोणीही अडवू शकत नव्हते, आणि अडवले असते तर तो न्यायालयात गेला असता.

दुसरा पर्याय सक्तीचा. या भागात बांधणाऱ्या प्रत्येकाने नाट्यगृह बांधलेच पाहिजे, असा नियम करता आला असता. तो न्यायालयात कितपत टिकला असता याविषयी शंका घ्यायला जागा आहे. शिवाय बिल्डर दुसऱ्या रस्त्याकडे वळले असते, नवी नाट्यगृहे आली नसती आणि जुनी ओसाड पडली असती, ही शक्यता होतीच.

तिसरा पर्याय मोहात पाडणारा होता. याच एका भूखंडाला खास सवलत द्यायची आणि तिच्या बदल्यात नाट्यगृह पदरात पाडून घ्यायचे. हे काम लवकर झाले असते. पण एका बिल्डरला दिलेली सूट उद्या दुसराही मागतो, आणि तिसऱ्याला नाकारली की आरोप सुरू होतात.

चौथा पर्याय पटांगणाच्या सवलतीतूनच सुचला. मोकळ्या जागेसाठी जादा मजले देता येतात, तर नाट्यगृहासाठी का देऊ नयेत? त्यासाठी संपूर्ण वस्तीला विशेष नाट्यगृह क्षेत्र ठरवायचे, नाट्यगृह बांधणाऱ्याला आणखी २० टक्क्यांपर्यंत चटईक्षेत्र द्यायचे, परंतु ते हक्काने न देता प्रत्येक प्रस्ताव तपासून विशेष परवानगीने द्यायचे. अशा रीतीने १८ चा निर्देशांक २१.६ पर्यंत जाऊ शकत होता.

प्रत्यक्ष कृती

महापौर जॉन लिंडसे यांच्या कारकिर्दीत नगररचना आयोगाजवळ शहररचनेत मुरलेल्या तरुण वास्तुविशारदांचा एक गट होता. त्याने चौथ्या पर्यायाचा पाठपुरावा केला. सुरुवातीला विकासकाला कल्पना अजिबात पटली नाही. त्याचा आराखडा तयार होता, आणि नाटकाचा धंदा हा त्याचा धंदा नव्हता. बोलणी महापौरांच्या पातळीपर्यंत गेली. अखेर जादा मजल्यांचे गणित जमले, विकासक राजी झाला आणि १९६७ च्या अखेरीस विशेष क्षेत्राचा नियम मंजूर झाला.

या निर्णयाचा बारकाईने विचार केला पाहिजे, कारण त्यात शहराने दोन घड्याळे एकाच वेळी सांभाळली. विकासकाचे घड्याळ व्याजाच्या दराने चालत होते, तर नियम बदलायला जाहीर सुनावण्या आणि मतदान लागत होते. शहराने 'आधी नियम होऊ द्या, मग तुमचे बघू' असे म्हटले असते तर विकासकाने मूळ आराखडा रेटला असता. 'आधी तुमचे करून देतो' म्हटले असते तर तो तिसरा पर्याय ठरला असता. दोन्ही कामे बरोबरीने चालली. नियम सर्वांसाठी होता, पण तो घडवताना समोर एक खराखुरा भूखंड आणि खरेखुरे नकाशे होते. कागदावर सुरेख दिसणाऱ्या आणि जमिनीवर न उतरणाऱ्या कित्येक नियमांच्या मानाने हे वेगळे होते.

यानंतरची अडचण बांधकामाची होती. कचेऱ्यांच्या मनोऱ्याला ठरावीक अंतरावर खांब लागतात; प्रेक्षागारात एकही खांब चालत नाही. मनोऱ्याला मजल्यांची उंची कमीत कमी हवी असते. रंगमंचाच्या माथ्यावर पडदे आणि नेपथ्य ओढून घेण्यासाठी कित्येक मजल्यांची पोकळी लागते. तळमजल्यावर दुकाने, वाहनांची ये-जा आणि मनोऱ्याचा दर्शनी कक्ष यांची मागणी आधीच होती. त्यामुळे नाट्यगृह वर गेले आणि प्रेक्षकांना सरकत्या जिन्यांनी चढून जाण्याची व्यवस्था झाली. त्याच्याखाली ४४व्या आणि ४५व्या रस्त्यांना जोडणारी छताखालची वाट ठेवली गेली, आणि जमिनीखाली एक मोठे चित्रपटगृह घातले गेले. ते १९७४ मध्ये उघडले.

इमारत १९७२ मध्ये पूर्ण झाली. उंची ७४५ फूट, म्हणजे २२७ मीटर. माथ्यावर दगडी पंखांसारखी टोके आहेत. तिच्यातले नाट्यगृह, मिन्स्कॉफ थिएटर, १९७३ च्या मार्चमध्ये एका जुन्या संगीतिकेच्या पुनरुज्जीवनाने सुरू झाले. जवळपास १,७०० आसनांचे ते प्रेक्षागार त्या काळच्या अनेक समीक्षकांना थंड आणि अवाढव्य वाटले.

दुसरा पेच: एकाच मोठ्या भाडेकरूवर भिस्त

इमारत भाड्याने द्यायला बाहेर आली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये कार्यालयीन जागेचा सुकाळ झाला होता. प्रमुख भाडेकरू म्हणून डब्ल्यू. टी. ग्रँट या दुकानांच्या साखळीचे मुख्यालय आले. ही साखळी १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी तिचा गाशा गुंडाळला गेला. शहराची स्वतःची तिजोरीही १९७५ मध्ये रिकामी होण्याच्या बेतात होती. टाइम्स स्क्वेअरची त्या काळातली ख्याती काय होती ते सांगण्याची गरज नाही; कुटुंबाला घेऊन कोणी तिथे फिरायला जात नसे.

या टप्प्यावर मनोऱ्याचे वरचे मजले आणि पायथा यांचे नशीब वेगळे झाले. कचेऱ्यांचे मजले बाजारभावावर हेलकावे खात होते. पायथ्याच्या नाट्यगृहात नाटके येत-जात होती, काही आपटतही होती. पण रोज संध्याकाळी माणसे त्या रस्त्यावर आणण्याचे काम त्याने सोडले नाही. नाट्यगृह नसते तर सायंकाळी सहानंतर ही इमारत शेजारच्या कोणत्याही कचेरीसारखी अंधारात गेली असती.

मुलांची वाहिनी येते

१९९० च्या सुमारास वायकॉम या माध्यम कंपनीने येथे मुख्यालय आणले. १९८० च्या दशकाच्या मध्यात विकत घेतलेल्या वाहिन्यांच्या गटात संगीताची एमटीव्ही होती आणि मुलांची निकलोडिअन. निकलोडिअनची सुरुवात १ एप्रिल १९७९ ची. तिचे मूळ ओहायोतील कोलंबस शहरातल्या एका प्रायोगिक केबल सेवेत होते. आपल्याकडे १९९९ पासून घराघरांत पोचलेली 'निक' ती हीच.

वाहिनीपुढचा प्रश्न जागेचाच होता. कार्यालय मॅनहॅटनमध्ये असले तरी चित्रीकरण कुठे करायचे? तोपर्यंत तिच्या कार्यक्रमांची भटकंतीच चालली होती. भाग घेणाऱ्यांच्या डोक्यावर हिरवा चिकचिकाट ओतण्याची तिची प्रथा ज्या कार्यक्रमातून आली तो कॅनडातील ओटावात होत असे. तिच्या गाजलेल्या खेळ-कार्यक्रमाचे सुरुवातीचे चित्रीकरण फिलाडेल्फियात झाले.

कचेरीसाठी बांधलेल्या मनोऱ्यात असा खेळ चित्रित करणे किती अवघड असते ते डोळ्यांसमोर आणून पाहावे. मजल्याची उंची इतकी बेताची की दिव्यांचा सांगाडा टांगल्यावर मुलांच्या डोक्यावर जागा उरत नाही. फरशीवर बादल्यांनी हिरवा द्रव सांडणार, तो वाहून जायला मोरी लागणार, आणि खालच्या मजल्यावर कोणाचा तरी हिशेब विभाग बसलेला असणार. प्रेक्षक म्हणून शेकडो मुले त्यांच्या पालकांसह येणार, आणि तीही कामावर येणाऱ्यांच्या उद्वाहकांतून. शिवाय सेटचे मोठे तुकडे मालमोटारीतून उतरवायला ४५व्या रस्त्यावर, नाटकांच्या ट्रकांशी स्पर्धा करत, जागा मिळवायची.

वाहिनीने ही कामे बाहेर नेली. ७ जून १९९० रोजी फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात निकलोडिअन स्टुडिओज सुरू झाले. तिथे सुट्टीला आलेली मुले हीच प्रेक्षक होती, म्हणजे प्रेक्षक गोळा करण्याचा प्रश्न आपोआप सुटला. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील बरबँक येथे व्यंगचित्रपटांचा स्टुडिओ झाला. काय दाखवायचे याचा निर्णय मनोऱ्यात आणि चित्रीकरण सपाट, स्वस्त जमिनीवर, अशी ही विभागणी होती.

नंतर एमटीव्हीने याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, टाइम्स स्क्वेअरकडे तोंड केलेल्या मोठ्या काचांमागे, स्टुडिओ थाटला. १९९८ पासून तिथून दुपारचा थेट संगीत कार्यक्रम सुरू झाला आणि खाली फुटपाथवर किशोरवयीनांची इतकी गर्दी होऊ लागली की ती आवरायला पोलिसांचे अडथळे लागत. सेटची पार्श्वभूमी रस्ता पुरवत होता आणि रस्त्याला तमाशा स्टुडिओ पुरवत होता. मुलांच्या वाहिनीनेही यातून धडा घेतला असावा. २००२ ते २००५ या काळात याच इमारतीतून तिचा दुपारचा थेट कार्यक्रम होत असे. पुढचे व्यंगचित्र कोणते दाखवायचे यावर मुले घरबसल्या इंटरनेटवरून मत देत. अशा कार्यक्रमाला मोठे सभागृह लागत नाही. दोन सूत्रसंचालक, एक खोली आणि बाहेर देशभर पसरलेला प्रेक्षक एवढे पुरते. आणि हे मनोऱ्याला जमणारे होते. २००५ मध्ये हा कार्यक्रम आणि ऑर्लँडोचे स्टुडिओ, दोन्ही बंद झाले.

परिणाम

भाड्याच्या दृष्टीने पाहिले तर इमारत सावरली. २००२ मध्ये ती नव्या मालकाकडे गेली. २०१२ मध्ये वायकॉमने २०३१ पर्यंतचा करार केला. त्यात सुमारे १६ लाख चौरस फूट जागा होती. इमारतीतील एकूण भाड्याची जागा साधारण १७.५ लाख चौरस फूट आहे, हे लक्षात घेतले तर ग्रँटच्या वेळची एकाच भाडेकरूवरची भिस्त कमी न होता वाढली, असे माझे मत आहे.

ज्या नाट्यगृहाला थंड म्हटले गेले, त्याच्या वाट्याला २००६ मध्ये 'द लायन किंग' आले आणि अजून चालू आहे. यात एक गंमत आहे. निकलोडिअनच्या इमारतीत रोज रांगा लावून मुले बघतात ते नाटक तिच्या प्रतिस्पर्ध्याचे, म्हणजे डिस्नेचे आहे. निकलोडिअनच्या स्पंजबॉब या व्यंगचित्र-पात्रावरची संगीतिका २०१७ मध्ये ब्रॉडवेवर आली तेव्हा तिला शेजारच्या पॅलेस थिएटरमध्ये जावे लागले. संध्याकाळी सातच्या सुमारास ४५व्या रस्त्याच्या बाजूला उभे राहिले की दिसते: आजी-आजोबांचे हात धरलेली पोरे सरकत्या जिन्यावर पुढच्या पायरीवर उड्या मारत चढतात, आणि शेजारच्या दारातून गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक घरी निघालेले असतात. बांधकामाच्या अडचणीतून जी उभी मांडणी आली, तिच्यामुळे या दोन्ही प्रवाहांची गाठ पडत नाही.

नियमाचे फळ मात्र मिश्र आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी या सवलतीतून नवी नाट्यगृहे आली. त्यांपैकी मिन्स्कॉफ आणि उत्तरेकडील यूरिस, आजचे गर्शविन, ही मोठी होती. परंतु नियम नवे बांधण्याला बक्षीस देत होता. जुने पाडण्याला आळा घालत नव्हता. १९८२ मध्ये, अ‍ॅस्टर प्लाझापासून एक रस्ता ओलांडला की लागणाऱ्या भूखंडावर, हॉटेलसाठी हेलन हेज आणि मोरोस्को यांसह पाच जुनी नाट्यगृहे पाडली गेली. कलावंत रस्त्यावर उतरले तरी ती वाचली नाहीत. संरक्षण आले ते त्यानंतर. १९८७-८८ मध्ये दोन डझनांहून अधिक नाट्यगृहांना वारसा दर्जा मिळाला.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट, बक्षिसाबरोबर बंधन हवे होते. नवे नाट्यगृह बांधण्यासाठी २० टक्के देतानाच परिसरातील एखादे जुने नाट्यगृह जतन करण्यासाठीही तेवढीच सवलत ठेवली असती, तर १९८२ चा प्रसंग कदाचित वेगळा झाला असता. १९६७ मध्ये जतनाचा कायदा नवा होता, हे खरे. पण भीती जुन्या नाट्यगृहांची होती आणि उपाय नव्या नाट्यगृहांचा केला गेला, ही विसंगती त्या वेळीही दिसण्यासारखी होती.

दुसरी गोष्ट आकाराची. चटईक्षेत्राच्या हिशेबात मोठे प्रेक्षागार विकासकाला परवडते, आणि १,७०० आसनांचे प्रेक्षागार संगीतिकांनाच पेलते. दोन पात्रांचे गंभीर नाटक तिथे हरवून जाते. पाडली गेलेली मोरोस्को आणि हेलन हेज ही तुलनेने लहान, संवादप्रधान नाटकांना मानवणारी घरे होती. आसनसंख्येनुसार सवलत कमी-जास्त ठेवली असती, तर लहान नाट्यगृहे बांधण्याकडे कोणाचा तरी कल झाला असता.

पटांगणाविषयी फार बोलण्यासारखे नाही. मिळवायची ती सवलत मिळाली, लोकांना काय मिळाले हे शोधावे लागते.

वाहिनीच्या बाबतीत वेगळी नोंद करावी लागेल. ऑर्लँडोचा निर्णय त्या वेळी बरोबर होता. माझ्या दृष्टीने चूक झाली असेल तर ती मनोऱ्यातील लहान, थेट कार्यक्रमाचा प्रयोग तीन वर्षांत आवरता घेण्यात. मुलांनी घरबसल्या मत देऊन कार्यक्रम ठरवायचा, ही कल्पना काळाच्या पुढे होती आणि तिला जागा अगदी थोडी लागत होती.

प्रकरण अजून मिटलेले नाही

२०२२ मध्ये इमारतीच्या मालकाने भागीदारांसह इथे कॅसिनो उभारण्याचा प्रस्ताव जाहीर केला. २०३१ चा करार संपण्याच्या आधी मजल्यांचा दुसरा उपयोग शोधण्याची ही धडपड असावी, असे दिसते. 'द लायन किंग'चे नाट्यगृह राहील असे आश्वासन होते, आणि अभिनेत्यांच्या संघटनेने पाठिंबाही दिला. नाट्यगृहांचे मालक आणि निर्माते यांच्या ब्रॉडवे लीगने मात्र ठाम विरोध केला: जुगारी रात्रभर आत बसतो, तो नाटकाला येत नाही आणि शेजारच्या खाणावळीतही जेवत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १७ सप्टेंबर २०२५ रोजी सहा सदस्यांच्या स्थानिक सल्लागार समितीने चार विरुद्ध दोन मतांनी प्रस्ताव फेटाळला. त्या रात्री पायथ्याचे सरकते जिने नेहमीप्रमाणे चालू होते. वरच्या मजल्यांचे काय करायचे, हे मालकाला आता नव्याने ठरवावे लागणार आहे.